क्रूरता : कोणाच्या ताटातली?

मी बी.ए. झाले त्या वर्षी आमच्या घरी बोकड कापला गेला. घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावी निकाल लागण्याच्या आधीच आजीने मरीमायला नवस बोलून ठेवला होता. आमच्या घराच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आहेत, आणि गावाच्या शिवेवर लिंबाखाली मरीमायचे शेंदूर फासलेले दगड आहेत. आजीने दोन्ही सांभाळले. मी नको म्हटले तेव्हा ती म्हणाली, "तुले पास कोनं केलं व बाई? तिचं देनं ठेवाचं नसते." वडील ट्रकमध्ये केळीचे घड भरण्याच्या कामावर होते. त्यांची कितीतरी दिवसांची मजुरी त्या बोकडात गेली. त्या दिवशी वस्तीतली पन्नासेक माणसे पोटभर जेवली. मीही जेवले, हे लपविण्याचे कारण नाही.

ही गोष्ट आज सांगण्याचे निमित्त वेगळे आहे. मी ज्या महाविद्यालयात शिकवते तेथे यंदा वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'मांसाहाराची परंपरा ही क्रूरता आहे'. नावे देणाऱ्यांत आपल्या समाजातली एक विद्यार्थिनी होती. हुशार, धीट मुलगी. आदल्या दिवशी तिने नाव मागे घेतले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "मॅडम, विरुद्ध बाजूने बोलले तर सगळे म्हणतील, ही स्वतःच्या डब्यासाठी भांडते. आणि बाजूने बोलले तर आईला शिवी दिल्यासारखं होईल." मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. स्पर्धा झाली. पहिल्याच वक्त्याने बोकड, कोंबडे, बैल अशी यादी वाचली. हे कोणाकोणाच्या घरी शिजते ते त्याने सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. ते सभागृहात प्रत्येकाला कळत होते. हा लेख म्हणजे त्या मुलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'क्रूरता' हा शब्द आपल्याकडे फार ढिलेपणाने वापरला जातो. मारणे म्हणजे क्रूरता असे एकदा ठरविले की ज्याच्या ताटात मांस आहे तो क्रूर आणि ज्याच्या ताटात नाही तो दयाळू, असा हिशोब तयार होतो. वास्तविक महाराष्ट्रातील बहुसंख्य जाती मांस-मासळी खाणाऱ्या आहेत. मराठ्याच्या घरी बोकड शिजतो, सारस्वताच्या घरी मासळी शिजते, सातपुड्याच्या पायथ्याला भिलाच्या आणि तडव्याच्या घरी कोंबडा शिजतो. परंतु क्रूरतेचा ठपका या सर्वांवर सारखा बसत नाही. जातीच्या उतरंडीत जसजसे खाली जावे तसतसा तो जड होत जातो. यावरून असे दिसते की या हिशोबात प्राण्याच्या वेदनेला फारसे स्थान नाही. मोजली जाते ती खाणाऱ्याची जात.

मग खरे माप कोणते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेची चर्चा करताना त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला आहे. मारण्याची गरज ही एक गोष्ट आणि मारण्याची इच्छा ही दुसरी. गरज नसताना केवळ इच्छेपोटी केलेली हत्या बुद्धाने निषिद्ध मानली, असा त्यांनी लावलेला अर्थ आहे. अहिंसा हे त्यांच्या मते तत्त्व आहे. तो आंधळेपणाने पाळायचा नियम नाही. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला प्रत्येक वेळी विचार करायला लावते.

या अर्थाला पालि वाङ्मयात भक्कम आधार आहे. मज्झिमनिकायातल्या जीवकसुत्तात असे सांगितले आहे की, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे भिक्खूने पाहिले, ऐकले किंवा त्याला तशी शंका आली, तर ते मांस त्याने घेऊ नये. एरवी भिक्षेत पडले ते घ्यावे. दीघनिकायातले कूटदन्तसुत्त तर आपल्या वाचकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. कूटदन्त हा ब्राह्मण मोठा यज्ञ मांडतो, सातशे बैल आणि आणखी शेकडो जनावरे खांबाला बांधतो आणि उत्तम यज्ञ कसा करावा हे बुद्धाला विचारायला येतो. बुद्ध त्याला एका जुन्या यज्ञाची गोष्ट सांगतो. त्या यज्ञात बैल, बोकड, कोंबडी मारली गेली नाहीत, झाडे तोडली गेली नाहीत आणि दास व मजूर यांना दंड्याच्या धाकाने, रडत रडत राबावे लागले नाही. खांबाला बांधलेले जनावर आणि धाकाने राबणारा दास यांचे दुःख येथे एकाच दमात सांगितले आहे. भूतदयेचा उपदेश आपल्याला करणाऱ्यांनी या दोघांपैकी एकालाच नेहमी वगळले. कोणाला, ते सांगायला नको.

हे माप घेऊन आता आपल्या गावगाड्याकडे पाहू.

माझे आजोबा लहानपणी आपल्या वडिलांबरोबर मेलेली ढोरे ओढायला जात. गावात बैल मेला की वाड्यात निरोप येई. ओढायचे, सोलायचे, कातडे काढायचे, मांस वाटून घ्यायचे. काही ताजे शिजे. उरलेल्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालत आणि पावसाळ्यात काम नसे तेव्हा त्या उकडून खात. बेदरच्या बादशहाने दिल्याचे सांगितले जाणारे महारांचे बावन्न हक्क आपण ऐकलेले आहेत. मेलेल्या जनावरावरचा हक्क त्यांतलाच. भुकेला हक्क म्हणण्याची ही युक्ती मोठी विलक्षण आहे.

आजोबा एक गोष्ट नेहमी सांगत. ते म्हणत, "चामडं सोललं म्हंजे मालक कसा व्हता ते समजे." जुवाने खांद्यावर घट्टे आणि जखमा पडलेल्या असत. वेसणीने नाक फाटलेले असे. पुठ्ठ्यावर पराणीच्या आरीची भोके असत, आणि तेवढ्या भोकांमुळे कातड्याची किंमत उतरे. बैल तरणा असताना त्याला आडवा पाडून, पाय बांधून बडवलेला असे. पोळ्याला त्याच बैलाच्या शिंगांना रंग लागे, त्याला पुरणपोळी मिळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जू. म्हातारा झाल्यावर बाजार किंवा उपासमार. ही सगळी वेदना अन्नाच्याच परंपरेत घडत होती, कारण त्या बैलाच्या खांद्यावरच ज्वारी उभी राहत होती. ती ज्वारी शाकाहारी म्हणून गणली गेली. आणि ज्याने बैलाला जिवंतपणी कधी हात लावला नाही, ज्याच्याकडे स्वतःचा बैल नव्हता, जो मेल्यानंतरच बोलावला गेला, तो मात्र क्रूर ठरला.

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हाच धागा पकडला आहे. गावाबाहेर राहणाऱ्या वाताहत झालेल्या लोकांनी गोमांस खाणे चालू ठेवले, कारण ते मेलेल्या गाईचे होते. ते खाण्यात हत्या नव्हती. इतरांनी गोमांस सोडले, गाय पवित्र ठरली, आणि न मारता खाणारे अस्पृश्य ठरले. मूळ सिद्धान्ताविषयी विद्वानांनी वाद घालावा. परंतु त्यातला साधा मुद्दा वादातीत आहे : मृत मांस खाणारा हा मारणारा नव्हता.

असे असूनही बाबासाहेबांनी मृत मांसाचे समर्थन केले नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, ते ज्या परिषदेच्या निमित्ताने, तिथेच मेलेली ढोरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडा असा संदेश दिला गेला. कारण तेथे प्रश्न स्वाभिमानाचा होता. यामुळे महारांचे किती उत्पन्न बुडते याचा हिशोब 'केसरी'तून मांडला गेला होता, आणि हे उत्पन्न तुम्हीच घ्या असे उत्तर आपण दिले होते, ही आठवण बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितली. ढोर ओढण्याचा तो लाभदायक धंदा घ्यायला त्यानंतरही कोणी पुढे आल्याचे दिसत नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतनेही गेली. आमच्या गावात आजोबांच्या पिढीने दोर टाकून दिला. त्यानंतर काही महिने वस्तीला कोणी कामावर बोलावले नाही.

ज्यांना हे काम सोडता आले नाही त्यांची गत काय झाली? ऑक्टोबर २००२ मध्ये हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यात दुलीना येथे पाच दलितांना गाय मारल्याच्या संशयावरून जमावाने ठार केले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून काठ्यांनी झोडपले. भूतदयेच्या नावाने हे झाले. त्यानंतर गुजरातेतल्या दलितांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे नेऊन टाकली आणि उचलायला नकार दिला. नव्वद वर्षांपूर्वीचे महाड तेथे पुन्हा उभे राहिले.

आता कायद्याचे माप पाहू. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा सर्व देशाला लागू आहे. त्याची मूळ कल्पना चांगली आहे. अन्नासाठी प्राणी मारणे हा त्यात गुन्हा नाही. मारताना अनावश्यक वेदना देणे हा गुन्हा आहे. 'अनावश्यक' हा शब्द बाबासाहेबांच्या भेदाच्या किती जवळ आहे पाहा. या कायद्याखालच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे एका मालमोटारीत सहापेक्षा जास्त गुरे भरता येत नाहीत. २००१ च्या कत्तलखान्याच्या नियमांप्रमाणे एका जनावरासमोर दुसरे मारता येत नाही, गाभण जनावर मारता येत नाही आणि मारण्यापूर्वी चोवीस तास विश्रांती द्यावी लागते. हे सर्व वेदनेचा विचार करणारे नियम आहेत.

पण शिक्षा किती? याच कायद्याखाली जनावराला बेदम मारले, उपाशी ठेवले, कोंबून नेले तर पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. बैल बडवणे, डागणे, वेसण घालणे यांना विहित पद्धतीच्या अटीवर सूट. आणि कोणत्याही धर्माने सांगितलेल्या पद्धतीने प्राणी मारला तर तो या कायद्याने गुन्हाच नाही. कलम २८ तसे स्पष्ट सांगते. दुसरीकडे महाराष्ट्राचा प्राणी रक्षण कायदा आहे. १९७६ साली तो झाला तेव्हा गाईच्या कत्तलीला बंदी होती. बैल मात्र निरुपयोगी असल्याचा दाखला घेऊन मारता येत असे. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीखाली आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. परराज्यात मारलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा केला होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले. म्हशी-रेड्यांना ही बंदी लागू नाही.

दोन्ही शिक्षा शेजारी ठेवून पाहाव्यात. जिवंत बैलाचे हाल केले तर पन्नास रुपये. म्हाताऱ्या बैलाचा जीव घेतला तर पाच वर्षे. बैल आणि रेडा यांना आर सारखीच टोचते, तहान सारखीच लागते. पण एक पवित्र आणि दुसरा नाही. कायद्याने येथे प्राण्याचे पावित्र्य मोजले आहे, वेदना मोजलेली नाही. आमच्या तालुक्यात सावद्याला गुरांचा मोठा बाजार भरतो. भाकड गाय आणि थकलेला बैल घेऊन कोरडवाहू शेतकरी तेथे उभा असतो तेव्हा त्याच्यापुढचा पेच मला दिसतो. मोकळे सोडलेले, रस्त्याकडेला प्लॅस्टिक चघळणारे म्हातारे जनावर आपण सगळेच पाहतो. त्या मरणाला क्रूरता म्हणायला मात्र कोणी सभागृहात उभे राहत नाही.

दुधाकडेही पाहिले पाहिजे, कारण शुद्ध अन्नाचा मान त्याला आहे. म्हशीला रेडकू झाले की गोठ्यात आनंद होत नाही. ते दूध पिते आणि पुढे शेतीच्या फारशा उपयोगाचे नसते. त्याला मारत नाहीत. दुधाला तोडून उपाशी ठेवतात, आणि ते चार-आठ दिवसांत मरते. मग त्याच्याच कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवतात, ती चाटते आणि पान्हा सोडते. पान्हा सोडविण्यासाठी सुई टोचण्याचा आणि त्याहून भयंकर अशा फुक्याचा प्रकार तर १९६० च्या कायद्याने स्वतंत्र कलम घालून गुन्हा ठरविला आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ज्या अर्थी कलम घालावे लागले त्या अर्थी प्रकार होत असले पाहिजेत. पेढ्यावर रक्ताचा डाग दिसत नाही एवढेच. दूध पिऊ नका असे मी म्हणत नाही. ताटात मांस नाही म्हणजे वेदना नाही, हा हिशोब चुकीचा आहे, इतकेच म्हणते.

येथपर्यंत लिहिणे मला सोपे गेले. दुसऱ्याचे माप काढणे नेहमीच सोपे असते. परंतु तेच माप आपल्या अंगणात लावले नाही तर आपण आणि त्या स्पर्धेतला वक्ता यांत फरक राहणार नाही.

महाराष्ट्रात पुष्कळ गावी दसऱ्याला रेडा मारला जाई. त्याला गावाभोवती फिरवीत. पहिला वार पाटलाचा, तो मान. पुढचे काम आणि मांस महारांचे. मानासाठी केलेल्या त्या पहिल्या वाराने रेडा मरत नसे, तो फक्त जखमी होई. आणि त्या अवस्थेत त्याला पळवीत. हे अन्न होते काय? मांस आपल्या वाट्याला आले म्हणून आपण त्या विटंबनेचे भागीदारही झालो, हे कबूल केले पाहिजे. धम्मदीक्षेच्या वेळी आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या; त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. पुष्कळ गावांत आपल्या लोकांनी मग रेड्याच्या त्या कामातून अंग काढून घेतले, हा धम्मक्रांतीचा एक न लिहिलेला इतिहास आहे. त्याआधी गाडगेबाबांनी गावोगाव, जत्रेजत्रेत देवापुढच्या पशुहत्येवर कोरडे ओढले होते. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रीतीप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण घातले, हे प्रसिद्ध आहे.

तरी नवस राहिले. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ तीनशे माणसे मेली. त्यानंतर तेथे पशुहत्येवर बंदी आली. यात्रेला आलेली बहुतेक माणसे गरीब होती. आजार, कर्ज, मूल नसणे, असली गाऱ्हाणी घेऊन आलेली. माझ्या आजीसारखीच.

म्हणून पुन्हा माझ्या पदवीच्या बोकडाकडे येते. तो दिवस मला नीट आठवतो. बोकडाला हळद-कुंकू लावले, गळ्यात माळ घातली आणि त्याच्या अंगावर पाणी ओतले. त्याने अंग झाडले की देवीने मान्य केले असे समजतात. त्याने झाडले नाही. पुन्हा पाणी. कानात पाणी. उन्हाळा होता, डफ वाजत होता, पोरे ओरडत होती. बोकड चारही पाय रोवून उभा होता आणि त्याच्या पोटाची कातडी थरथरत होती. तासभर तरी हे चालले असेल. शेवटी त्याने अंग झाडले, लोकांनी चांगभले केले आणि सुरा क्षणात फिरला.

आज विचार करते तेव्हा दिसते की सुरा हा त्या दिवसातला सर्वांत लहान भाग होता. पन्नास माणसांचे पोट भरले ते त्या एका क्षणामुळे. आधीच्या तासाने कोणाचेही पोट भरले नाही. वस्तीतल्या कित्येकांना महिन्यामहिन्यात मटण मिळत नसे; त्यांच्यासाठी ते जेवण ही गरज होती असे मी म्हणू शकते. तो तास मात्र गरज नव्हती. आणि तो माझ्या नावाने झाला होता. ज्या पदवीने मला विचार करायला शिकविले असे मी वर्गात सांगते, त्या पदवीच्या नावाने.

आजी आता नाही. गेल्या वर्षी भावाच्या मुलाचे जावळ काढायचे होते. पुन्हा बोकडाचा विषय निघाला. आम्ही घरात बसून ठरविले की जेवण घालायचे, पण नवस नाही, पाणी ओतणे नाही, डफ नाही, पोरांचा घोळका नाही. रावेरच्या खाटकाकडून मटण आणले. आईने काळा मसाला वाटला, कळण्याच्या भाकरी झाल्या. एक-दोन म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. जेवताना ती थांबली. आठवडी बाजारातून कोंबडी आणायची झाली तर पाय बांधून सायकलच्या दांडीला उलटी लटकावून आणायची नाही, पाटीत घालून आणायची, एवढा नियम आता आमच्या घरात आहे. या गोष्टी लहान आहेत, हे मला कळते.

हा मजकूर मी त्या विद्यार्थिनीला वाचायला दिला. तिने शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "पण मॅडम, बोकड तर मेलाच ना?" मी म्हटले, हो. ती म्हणाली, "मग ज्याच्या घरी रोज डाळ, दूध, भाजी परवडते, त्याची गरज आणि आमच्या वस्तीची गरज एकच का?" हा प्रश्न माझ्या लेखापेक्षा पुढचा आहे. आता मला पगार आहे. माझ्या स्वतःच्या ताटातली गरज किती आणि जिभेची सवय किती, हे मला त्यानंतर प्रत्येक जेवणाला विचारावे लागते, आणि दर वेळी उत्तर माझ्या बाजूचे येत नाही. तिने पुढच्या वर्षी नाव दिले आहे. कोणत्या बाजूने बोलणार, हे तिने अजून मला सांगितलेले नाही.